पृथ्वीचा डोल आणि विहिरीचा तळ

२०२३ च्या जून महिन्यात एक बातमी अनेक वृत्तपत्रांतून झळकली. जमिनीखालचे पाणी उपसून मानवाने पृथ्वीचा आस हलविला, असा तिचा आशय होता. त्याच वर्षीचा ऑगस्ट मराठवाड्यात जवळजवळ कोरडा गेला. देशभराचा विचार केला तर १९०१ पासूनच्या नोंदींत इतका कोरडा ऑगस्ट दुसरा नाही. या दोन गोष्टींची सांगड लोकमानसात फार लवकर बसली. टेंभुर्णीच्या बाजारात एका वयस्क शेतकऱ्याने प्रस्तुत लेखकास थांबवून विचारले, ‘‘सर, पृथ्वीचा आसच सरकलाय म्हणत्यात. मंग पावसाला तरी काय बोल लावायचा?’’ या प्रश्नात उपरोध नव्हता. होते ते एक प्रकारचे समाधान. दोष आपल्याकडे नाही, सरकारकडे नाही, आभाळाकडेही नाही. सारी पृथ्वीच कलली, तेथे कोणाचे काय चालणार, अशी ती निवृत्ती होती.

ही निवृत्ती तपासून पाहण्याजोगी आहे. पृथ्वीच्या आसाविषयीचे शास्त्र या समाधानास आधार देत नाही. किंबहुना ते नेमकी उलट साक्ष देते. आस डगमगल्यामुळे आपली हवा आणि आपले पाणी बिघडत नाही. हवा आणि पाणी जागा बदलतात म्हणून आस डगमगतो. हा क्रम एकदा नीट लक्षात आला की त्या बातमीचा खरा अर्थ कळतो, आणि तो आपल्या शिवारापर्यंत येऊन पोचतो.

डोल म्हणजे काय?

येथे दोन निरनिराळ्या गतींची गल्लत होते. पृथ्वीचा आस तिच्या भ्रमणकक्षेशी काटकोनात नसून सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. ऋतू होतात ते या कलामुळे. सूर्य आणि चंद्र यांच्या ओढीने हा कललेला आस भोवऱ्याच्या आरीप्रमाणे आकाशात सुमारे २६ हजार वर्षांत एक फेरा पूर्ण करतो, आणि ग्रहांच्या प्रभावाने कलाचे मापही सुमारे ४१ हजार वर्षांच्या आवर्तनात थोडे कमीजास्त होते. या घडामोडींत आपल्या विहिरींचा, आपल्या पंपांचा आणि आपल्या वाऱ्यांचा काहीही संबंध नाही.

दुसरी गती निराळी आहे. तीत आस आकाशात जवळपास जागच्या जागी राहतो आणि पृथ्वीचा गोळाच त्याच्याभोवती किंचित सरकतो. जात्याची वरची तळी मधल्या खिळीभोवती फिरते. खिळीचे भोक थोडे सैल झाले, तर तळी फिरता फिरता जरा इकडे, जरा तिकडे सरकते. खीळ मात्र जागा सोडत नाही. तसाच हा प्रकार. परिणामी, आस भूपृष्ठाला जेथे छेदतो तो ध्रुवबिंदू उत्तर ध्रुवप्रदेशात काही मीटरांची वर्तुळे काढीत राहतो. हे वर्तुळ कधी दोन-तीन मीटर त्रिज्येचे असते, कधी आठ-नऊ मीटर. टेंभुर्णी सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे असे आपण म्हणतो. परंतु काटेकोरपणे पाहिल्यास हा अक्षांशही वर्षभरात काही मीटरांनी मागेपुढे होत असतो.

अशी गती असावी, हे ऑयलर या गणितज्ञाने अठराव्या शतकातच गणिताने सांगितले होते. पृथ्वी पूर्णपणे कठीण मानली तर तिचा आवर्तकाल ३०५ दिवस, म्हणजे दहा महिने यावयास हवा होता. शंभर वर्षे खगोलज्ञांनी दहा महिन्यांचे आवर्तन शोधले आणि ते कोणासही सापडले नाही. बर्लिनच्या क्यूस्टनर यांनी १८८८ साली अक्षांश बदलतो, एवढे दाखविले. पुढे सेथ कार्लो चँडलर या अमेरिकन गृहस्थाने १८९१-९२ मध्ये जुन्या निरीक्षणांच्या वह्या चाळून दोन आवर्तने वेगळी काढली: एक बारा महिन्यांचे आणि दुसरे सुमारे चौदा महिन्यांचे. चँडलर हे पेशाने विमा-गणितज्ञ होते. मृत्यू आणि अपघात यांच्या कोष्टकांतून जोखमीचा अंदाज बांधणे, हा ज्यांचा व्यवसाय, त्यांना ताऱ्यांच्या कोष्टकांत दडलेला हा हिशेब दिसला. किती दिवसांचे आवर्तन निघावयास हवे, याचा आग्रह न धरता आकडे काय सांगतात ते त्यांनी पाहिले. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ही गोष्ट जरूर लक्षात ठेवावी.

दहाऐवजी चौदा महिने का, याचे उत्तर सायमन न्यूकोम यांनी लगेच दिले. पृथ्वी लोखंडी गोळ्यासारखी कठीण नाही. ती किंचित लवते, आणि तिच्या पाठीवरचे समुद्रही वाकतात. त्यामुळे डोल संथ होतो. तेव्हापासून हे कोडे महत्त्वाचे मानले गेले. १८९९ मध्ये जपानातील मिझुसावा, सार्डिनियाजवळील कार्लोफोर्ते, आजच्या तुर्कमेनिस्तानातील चार्जुई आणि अमेरिकेतील तीन ठिकाणे, अशी सहा केंद्रे ३९ अंश ८ मिनिटे या एकाच अक्षांशावर निवडण्यात आली आणि रोज रात्री तेच तारे तेथून मोजण्यास प्रारंभ झाला. मधल्या काळात काही केंद्रे बंद पडली, काही नवी आली. दोन महायुद्धे झाली. तरी ही व्यवस्था सुमारे ऐंशी वर्षे चालू राहिली. आजचे अचूक मापन उपग्रहांच्या आणि दूरस्थ रेडिओ-तारकांच्या साह्याने होते; तथापि त्याचा पाया या कंटाळवाण्या, चिकाटीच्या नोंदींनी घातला.

हवेचे वजन

आता प्रश्न असा की, एवढ्या प्रचंड गोळ्याला हलविणारे बळ येते कोठून? याचे पहिले उत्तर आहे हवा.

हवेला वजन आहे, हे शाळेतील मुलास ठाऊक असते. परंतु ते किती, याची कल्पना सहसा नसते. दर चौरस मीटरवर सुमारे दहा टन हवा उभी असते. हवेचा दाब एका मिलिबारने उतरला, तर दर चौरस मीटरवरील भार दहा किलोने कमी होतो. महाराष्ट्राच्या पठारावर समुद्रसपाटीस धरलेला दाब जानेवारीत सुमारे १०१५ मिलिबार, तर जुलैत सुमारे १००५ मिलिबार असतो. म्हणजे जानेवारीच्या तुलनेत जुलैत दर चौरस मीटरवरची हवा एका क्विंटलने हलकी असते. एक एकर रान धरले, तर हा फरक सुमारे चारशे टनांचा होतो. आपल्या कोणाच्याही ध्यानात न येता, शेतकऱ्याच्या प्रत्येक एकरावरून चारशे टन हवा पावसाळ्यापूर्वी उठून जाते आणि हिवाळ्यात परत येऊन बसते.

महाराष्ट्राची ही गोष्ट साऱ्या आशिया खंडाला लावून पाहावी. हिवाळ्यात सायबेरिया आणि मंगोलिया येथे थंड, जड हवेचा ढीग साचतो. उन्हाळ्यात हाच भूप्रदेश तापतो, हवा विरळ होते, वायव्य भारतापासून पलीकडे कमी दाबाचा पट्टा पसरतो आणि त्या ओढीने मोसमी वारे आपल्याकडे येतात. उत्तरेकडील अंतर्भागात दाबाचा हा फरक वीस ते तीस मिलिबार इतका असतो. समुद्रावर मात्र असे घडत नाही. तेथे हवा जड झाली की पाणी तेवढे खाली दबते व बाजूला सरते, आणि समुद्रतळावरचा एकूण भार जवळपास तेवढाच राहतो. जमीन अशी सरत नाही. म्हणून पृथ्वीच्या तोलाचा विचार करता, सर्वांत मोठ्या खंडावरील हवेची ही ये-जा निर्णायक ठरते. चाकाच्या एका बाजूस चिखल चिकटला की चाक डगमगते; आशियाच्या पाठीवर दर हिवाळ्यात असा चिखल चिकटतो आणि दर उन्हाळ्यात तो गळतो. ध्रुवाचा बारा महिन्यांचा, सुमारे तीन मीटर त्रिज्येचा डोल मुख्यतः येथून येतो. बर्फ, जमिनीतील ओल आणि सागरी प्रवाह त्यात आपापली भर घालतात. ज्या मोसमी वाऱ्यांवर आपला खरीप अवलंबून आहे, ते या वार्षिक डोलाचे सख्खे भावंड आहेत, असे म्हणावयास हरकत नाही.

चौदा महिन्यांच्या डोलाचे कोडे याहून अवघड होते. हे पृथ्वीचे स्वतःचे आंदोलन आहे. पाळण्याला झोका देणे थांबविले की तो हळूहळू थांबतो, तद्वत हा डोलही काही दशकांत विरून जावयास हवा. तो विरत नाही. अर्थात कोणीतरी झोका देत असले पाहिजे. भूकंपांपासून पृथ्वीच्या गाभ्यापर्यंत अनेक संशयित पुढे आले. २००० साली अमेरिकेतील जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेतील रिचर्ड ग्रॉस यांनी १९८५ ते १९९६ या काळाचा हिशेब मांडून दाखविले की, झोक्याचा सुमारे दोन-तृतीयांश भाग समुद्रतळावरील दाबाच्या बदलांतून आणि उरलेला वातावरणाच्या दाबातून येतो. समुद्राच्या या बदलांमागेही बव्हंशी वारेच असतात. पुढे २०१७ ते २०२० च्या सुमारास हा चौदा महिन्यांचा डोल इतका क्षीण झाला की तो जवळजवळ दिसेनासा झाला. तशी क्षीणता १९२० च्या दशकातही आली होती. झोका देणारा हात कधी जोरात, कधी हलका, कधी उलट्या वेळी पडतो, एवढाच त्याचा अर्थ.

कारण कोणते, परिणाम कोणता?

येथवर आल्यावर त्या शेतकऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. ध्रुव काही मीटर सरकला म्हणजे टेंभुर्णीचा अक्षांश काही मीटर बदलला. एका वाफ्यातून शेजारच्या वाफ्यात गेल्याने पाऊसमान बदलत नाही. ज्या कलामुळे ऋतू होतात, तो कल या डोलाने बदलत नाही, हे वर सांगितलेच आहे. डोल पूर्वीही होता. १९७२ च्या दुष्काळातही होता आणि भरघोस पिकांच्या वर्षांतही होता.

मग दुष्काळाची वर्षे आणि पृथ्वीच्या गतीतील बदल यांचा कधी योग दिसतोच कसा? यासाठी एल निनोचे उदाहरण घ्यावे. प्रशांत महासागराचा मध्य आणि पूर्व भाग तापतो तेव्हा आपला मोसमी पाऊस पुष्कळदा दुबळा पडतो. याच काळात उष्ण कटिबंधातील पूर्वेकडून येणारे वारे मंदावतात, पश्चिमेकडचे वारे जोर धरतात, आणि एकूण वातावरण पृथ्वीच्या फिरण्याच्या दिशेने अधिक वेगाने धावू लागते. हवेने जो वेग कमावला तो जमिनीने गमावला पाहिजे. म्हणून पृथ्वी किंचित मंद होते आणि दिवस सुमारे एक हजारांश सेकंदाने लांबतो. १९८२-८३ च्या एल निनोत हे स्पष्टपणे मोजले गेले. २०१५-१६ मध्येही तसेच दिसले. आता कोणी म्हणेल की दिवस लांबला म्हणून पाऊस गेला, तर ती चूक होईल. पावसाचे जाणे आणि दिवसाचे लांबणे ही एकाच झाडाची दोन फळे आहेत. दोन गोष्टी सोबत घडल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हा अर्थशास्त्राच्या वर्गात आम्ही पहिल्या महिन्यात शिकवतो तो धडा येथेही लागू पडतो. भारतीय हवामान खात्याचे प्रमुख असलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी मोसमी पावसाचा अंदाज बांधण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी जगभरच्या दाबाचे आकडे एकत्र केले, तेव्हा प्रशांत महासागराच्या दोन बाजूंवरील दाबाचा झोपाळा त्यांच्या हाती लागला. दुष्काळाचे मूळ शोधावयाचे तर ते या हवेच्या आणि सागराच्या व्यवहारात शोधावे, आसात नव्हे.

चालू खाते आणि मुद्दल

असे असेल तर २०२३ ची ती बातमी खोटी होती काय? नाही. ती अर्धवट वाचली गेली.

हवेच्या ये-जाचा विशेष असा की, ती वर्षाअखेर फिटते. जानेवारीत आलेली जड हवा जुलैत निघून जाते. खाते बरोबर होते. ध्रुव वर्तुळ काढून मूळ जागेजवळ येतो. व्यापाऱ्याच्या भाषेत हे चालू खाते आहे. परंतु वर्तुळाचा मध्यही जागेवर राहत नाही. विसाव्या शतकात तो वर्षाला सुमारे दहा सेंटिमीटर या गतीने कॅनडाच्या दिशेने सरकत होता. हिमयुगातील बर्फाच्या भाराखाली दबलेली जमीन अद्याप वर येत आहे, हे त्यामागचे एक प्रमुख कारण. २००० च्या सुमारास मात्र या सरकण्याने पूर्वेकडे वळण घेतले. जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेतील अधिकारी आणि आयव्हिन्स यांनी २०१६ साली दाखविले की, वितळणाऱ्या हिमस्तरांबरोबरच भारतीय उपखंड आणि कॅस्पियन समुद्राचा परिसर येथील पाण्याची घटही या वळणास जबाबदार आहे. २०२३ चा कोरियन शास्त्रज्ञ सिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास याच वाटेवरचा पुढचा टप्पा होय. १९९३ ते २०१० या काळात जगभर उपसलेले आणि अखेरीस समुद्रात गेलेले भूजल त्यांनी सुमारे २१५० अब्ज टन धरले. ते हिशेबात घेतल्याशिवाय ध्रुवाचे सरकणे जुळत नाही आणि घेतल्यास जुळते, असे त्यांना आढळले. या उपशाने ध्रुव पूर्वेकडे सुमारे ८० सेंटिमीटर सरकला.

२१५० अब्ज टन हा आकडा डोळ्यांसमोर उभा राहत नाही. पैठणच्या नाथसागराची एकूण क्षमता सुमारे २.९ अब्ज घनमीटर, म्हणजे तितकेच अब्ज टन पाणी. असे सातशे चाळीस नाथसागर जमिनीखालून काढून समुद्रात ओतले, असा त्याचा अर्थ. या उपशात ज्या दोन प्रदेशांचा भार ध्रुवाला सर्वाधिक ढकलता झाला, त्यांपैकी एक पश्चिम अमेरिका आणि दुसरा वायव्य भारत. विषुववृत्तावरचे किंवा ध्रुवावरचे पाणी काढल्याने आस फारसा सरकत नाही; मधल्या अक्षांशांवरचे काढल्यास अधिक सरकतो. पंजाब, हरियाणा आणि राजस्थान यांनी २००२ ते २००८ या सहा वर्षांतच १०९ घन किलोमीटर भूजल गमावले, हे उपग्रहांच्या साह्याने २००९ मध्येच उघड झाले होते. आणि तीही दुष्काळाची वर्षे नव्हती. हे झाले सदतीस नाथसागर.

हवा परत येते. हे पाणी परत आले नाही. हवेच्या डोलात आणि भूजलाच्या सरकण्यात जो फरक आहे, तो चालू खाते आणि मुद्दल यांतील फरक आहे. पृथ्वीचा आस हा गुन्हेगार नव्हे. तो रोजकीर्द लिहिणारा मुनीम आहे. त्याने मोसमी वाऱ्यांची ये-जा जशी इमानाने लिहिली, तशीच आपली उधळपट्टीही लिहिली. मुनिमाच्या वहीत तोटा दिसला म्हणून धंदा मुनिमामुळे बुडाला, असे कोणी म्हणत नाही.

आपल्या शिवारातील वही

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. मराठवाड्याच्या काळ्या पाषाणात पंजाबच्या गाळासारखे अथांग पाणी नाही. जाफराबाद तालुक्यातील विहिरींनी पृथ्वीचा ध्रुव केसभरही हलविला नसेल. हे खरेच, परंतु त्यामुळे आपली स्थिती अधिक नाजूक होते. पंजाबचा साठा पिढ्यान्‌पिढ्या उपसूनही पुरतो. आपला खडक फटींपुरते पाणी धरतो आणि एका वर्षाच्या पावसाने भरून, एका वर्षाच्या लोभाने रिता होतो. ज्यांच्याकडे मुद्दल मोठे, त्यांची उधळपट्टी जगाच्या वहीत दिसते. ज्यांच्याकडे मुद्दल थोडे, त्यांची उधळपट्टी त्यांच्याच घरात दिसते.

२०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, हे आपण विसरलेलो नाही. बाग वाचविण्यासाठी शेतकरी एकामागून एक बोअर घेत गेले. या माणसांना मूर्ख म्हणणे अन्यायाचे होईल. मी खोल गेलो नाही तर शेजारी जाईल आणि माझेही पाणी ओढून नेईल, हा विचार एकट्या शेतकऱ्याच्या दृष्टीने पूर्णपणे शहाणपणाचा आहे. परंतु प्रत्येकाच्या शहाणपणाची बेरीज गावाचा विनाश होते. जे सर्वांचे, त्याचा हिशेब कोणीच ठेवीत नाही, हे त्यामागील कारण. येथे उपदेश कामाचा नाही. नियम आणि नोंद कामाची आहे.

नियम कागदावर आहेत. महाराष्ट्राचा २००९ चा भूजल अधिनियम ६० मीटरपेक्षा खोल विंधन विहिरींवर निर्बंध घालतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा गेल्या अर्धशतकापासून निरीक्षण विहिरींची पातळी मोजत आहे. उणीव आहे ती या मोजमापाचा गावच्या निर्णयाशी सांधा जुळण्याची. तो जुळू शकतो, याची उदाहरणे दूर शोधावयास नकोत. नगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद मांडून मगच रब्बीची पिके ठरविण्याची आणि सिंचनासाठी बोअर न घेण्याची शिस्त स्वीकारली. आपल्याच जिल्ह्यातील कडवंचीने नव्वदच्या दशकापासून पाणलोटाची कामे करून द्राक्षबागा उभ्या केल्या. या दोन्ही गावांना वेगळा पाऊस मिळत नाही.

टेंभुर्णीसारख्या गावाने एवढे तरी करावे. ऑक्टोबरमध्ये चार-सहा निवडक विहिरींची पातळी मोजावी, ती ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावी आणि ग्रामसभेत वाचून दाखवावी. किती पाणी आहे, त्यात किती गहू, किती हरभरा, किती बाग निभेल, याची चर्चा पेरणीपूर्वी व्हावी. याला निधी लागत नाही. लागते ती एक दोरी, एक वही आणि दरवर्षी न चुकता मोजण्याची चिकाटी. मिझुसावा आणि कार्लोफोर्ते येथील माणसांनी ती दाखविली, म्हणून ध्रुवाचे काही मीटर मानवास दिसले. आपल्याला दोन हातांवरची विहीर मोजावयाची आहे.

बाजारात भेटलेल्या त्या वडीलधाऱ्या शेतकऱ्यास प्रस्तुत लेखकाने त्या दिवशी एवढेच म्हटले, ‘‘बाबा, आस सरकला हे खरं, पण त्यानं आपलं पाणी नेलं नाही. माणसानं पाणी नेलं म्हणून तो सरकला.’’ ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘‘म्हंजी कळलं तर आपल्यालाच वाईट वाटणार.’’ त्यांच्या या उद्गारात निवृत्ती नव्हती. वाईट वाटणे ही हिशेबाची सुरुवात असते. या वर्षीच्या रब्बीपूर्वी ती व्हावी, एवढीच अपेक्षा.